शिकागोचा जुना तुरुंग

१ मे आला की आम्ही कामगार सभा भरवतो आणि शिकागोच्या हुतात्म्यांची नावे घेतो. ते फासावर कोठे गेले, असे विचारले तर बहुतेक जण हेमार्केटचा चौक सांगतात. चौकात बॉम्ब पडला तो ४ मे १८८६ रोजी. फाशी झाली कुक कौंटीच्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याच्या, तुरुंगात.

शिकागो नदीच्या उत्तरेस, पुढे न्यायालय आणि पाठीशी तुरुंग, अशी ही जोडवास्तू १८७१ च्या महाआगीनंतर उभी राहिली. तिकडचे कामगार तेव्हा आठ तासांचा दिवस मागत होते. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागत होते, ती १८९० साली मिळाली.

बॉम्ब कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरी आठ जणांवर खटला भरला. आल्बर्ट पार्सन्स पोलिसांच्या हाती लागलाच नव्हता. २१ जून १८८६ रोजी तो आपल्या पायांनी न्यायालयात आला. संपात वॉरंट चुकवणारे आम्ही पुष्कळ पाहिले, आणि ते काही पाप नव्हे. पण निसटलेला माणूस सोबत्यांसाठी परत येतो, त्याला काय म्हणावे!

सात जणांना फाशी, ऑस्कर नीबला पंधरा वर्षे. ऑगस्ट स्पाइसचे लग्न ठरले, पण तुरुंगात ते लावण्यास परवानगी मिळाली नाही. मग १८८७ च्या जानेवारीत नवरदेवाच्या जागी त्याचा भाऊ उभा राहिला. आपल्याकडे पूर्वी खांडा पाठवून लग्ने लागत, तसेच!

१० नोव्हेंबर १८८७ रोजी लुई लिंग कोठडीतच स्फोटाने मेला. त्याच दिवशी फील्डन व श्वाब यांची फाशी टळून जन्मठेप झाली. दुसऱ्या दिवशी पार्सन्स, स्पाइस, फिशर व एंगेल यांना फाशी दिली. ल्यूसी पार्सन्स दोन मुलांना घेऊन अखेरच्या भेटीस आली होती. पोलिसांनी तिलाच अटक केली.

२६ जून १८९३ रोजी गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी उरलेल्या तिघांना मुक्त केले. ज्यूरी वेचून निवडलेली होती आणि न्यायाधीश पक्षपाती होता, असे त्यांनी लेखी नोंदवले.

ज्या न्यायालयात खटला चालला ते पाडून १८९३ च्या सुमारास तेथेच नवे बांधले. ते अजून उभे आहे. आत खाजगी कचेऱ्या आहेत. १९२९ साली कैदी शहराच्या दुसऱ्या टोकास हलवले आणि पुढे तुरुंगही पाडला. त्या जागी आता बंबवाल्यांचे ठाणे आहे. हुतात्म्यांचे स्मारक तेथे नाही. ते शहराबाहेर, वाल्डहाइमच्या दफनभूमीत आहे.