मामाच्या पोटातला ‘पंच’

वाळवा तालुक्यातल्या माझ्या आजोळी चढलेली दारू उतरवायचा एक ठरलेला उपाय होता. कडक कोरा चहा, त्यात पिळलेलं लिंबू आणि भरपूर साखर. 1978 च्या जत्रेत धाकटा मामा काळ्या गुळाची हातभट्टी पिऊन आला, तेव्हा आजीनं त्याला असे दोन पेले पाजले. पाऊण तासात मामा ताठ बसला, नीट बोलू लागला. ‘आता उतरली,’ असं सगळ्यांनीच ठरवलं आणि मोटरसायकलची किल्ली त्याच्या हाती दिली. कालव्याच्या पुलावर तो पडला. पाय तीन ठिकाणी मोडला.

पुढे जुनी प्रवासवर्णनं चाळताना मला ‘पंच’ नावाचं पेय भेटलं. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसांचं. 1632 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकरानं हिंदुस्थानातून लिहिलेल्या पत्रात हे नाव आढळतं. शिवकाळात मुंबई-सुरतेला राहिलेला कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर तर सांगतो, की हे नाव इथल्या ‘पाच’ या अर्थाच्या शब्दावरून पडलं. पिंपाच्या इंग्रजी नावावरून ते आलं, असं मानणारेही आहेत. मला फ्रायरच पटतो. पेय युरोपात गेलं आणि तिथं त्यात पुष्कळदा चहा पडू लागला. मद्य, साखर, लिंबू, पाणी, चहा! आजीनं हाच पंच मामाच्या पोटात पुरा केला होता.

यात फसगत अशी, की चहा-कॉफीतलं कॅफिन झोप आणणाऱ्या अ‍ॅडिनोसीन या द्रव्याचं काम अडवतं. सुस्ती जाते, पण रक्तातली दारू तेवढीच राहते. ती यकृत आपल्या गतीनंच निकालात काढणार. माणूस जागा असतो, शुद्धीवर नसतो.

आजीला दारूची चीड होती. हा मुलूख 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. मग दक्षिण सातारा झाला आणि 1960 मध्ये सांगली. चाळीसच्या दशकात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं इथं गावोगाव दारूबंदी केली. आजी तेव्हा नवी सून. ती म्हणायची, ‘त्या वेळी पिणाऱ्याला चहा नाही, पत्री मिळायची!’ नंतर मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा आला. बंदी कागदावर कडक आणि ओढ्याकाठी भट्ट्या, असं बरीच वर्षं चाललं.

नोव्हेंबर 2010 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं मद्यात कॅफिन घालून विकणाऱ्या चार कंपन्यांना ताकीद दिली. आपल्याकडे डबाबंद एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरमागे 300 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं. ते स्वतः बिनमद्याचंच असतं. पण पुणे-बंगळूर महामार्गावर कराडच्या अलीकडे जेवायला थांबलो असताना शेजारच्या टेबलावरची पोरं ते रममध्ये ओतताना मी पाहिली. बाहेर त्यांची गाडी उभी होती.

मामा अजून काठी घेऊन चालतो. जत्रेत कुणी पिऊन आलं, की तो चहा टाकायला सांगत नाही. आधी खिशातली किल्ली काढून घेतो.