फायबरग्लासची तडतड

भाराखाली पदार्थ आतून तडकू लागला की त्याच्यातून बारीक ध्वनिलहरी सुटतात. कथिलाची कांडी वाकवताना होणारी करकर कानालाही ऐकू येते. बाकीच्या बहुतेक लहरी ऐकण्यापलीकडच्या असतात. जर्मनीत योझेफ कायझर यांनी धातूंमधल्या अशा लहरींवर 1950 मध्ये म्युनिकला प्रबंध सादर केला. धातूवर एकदा जेवढा भार येऊन गेला, तेवढा पुन्हा येईपर्यंत तो गप्प राहतो, हे त्यांनी दाखवून दिले. हाच ‘कायझर परिणाम’.

काचतंतूंच्या प्लास्टिकची, म्हणजे फायबरग्लासची, अशी मोठी परीक्षा झाली ती अमेरिकेत, शीतयुद्धाच्या काळात. पोलारिस क्षेपणास्त्राच्या मोटरचे कवच रेझीनमध्ये भिजवलेले काचतंतू गुंडाळून बनवत. 1964 च्या सुमारास एरोजेट कंपनीत ए. टी. ग्रीन आणि सहकाऱ्यांनी पाण्याच्या दाबाखाली या कवचांचे आवाज नोंदवले आणि त्यांवरून कवच कितपत शाबूत आहे हे ठरवले.

पुढे हे तंत्र रसायन कारखान्यांतल्या फायबरग्लासच्या टाक्यांकडे वळले. मोन्सँटोतील टिमोथी फाउलर यांचे काम इथे फार मोलाचे. टाकीला इजा झालेली असेल, तर कायझरचा नियम मोडतो. आधी 10 बार दाब सोसलेली टाकी पुढच्या वेळी 9 बारलाच तडतडू लागली, तर तिचे ‘फेलिसिटी गुणोत्तर’ 0.9. हा आकडा जितका खाली, तितकी इजा गंभीर. धातूंसाठी सापडलेला नियम जिथे लागू पडत नाही, नेमके तिथेच या पदार्थाचे दुखणे कळते.

नेमके काय तुटते आहे, हे ओळखणे त्याहून अवघड. रेझीनला चिरा पडतात, तंतूंवरची त्याची पकड सुटते, थर विलग होतात, शेवटी तंतूच तुटतात. रेझीनच्या चिरांचे संकेत सहसा क्षीण, तंतू तुटल्याचे जोरकस आणि जास्त वारंवारतेचे. पण फायबरग्लासमध्ये लहर लवकर विरते. लांबून आलेला मोठा आवाजही टाकीवर बसवलेल्या सेन्सरला लहान भासतो. म्हणून चाचणीआधी टाकीच्या पृष्ठभागावर मेकॅनिकल पेन्सिलीचे बारीक शिसे दाबून मोडतात. त्याची लहर प्रत्येक सेन्सरपर्यंत किती पोचते, हे पाहून सेन्सरमधले अंतर ठरते.

अमेरिकेच्या प्लास्टिक उद्योग संघटनेच्या समितीने 1982 मध्ये टाक्यांच्या चाचणीची शिफारस केलेली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात भार टप्प्याटप्प्याने वाढवतात, मध्ये थांबतात. भार स्थिर असताना तडतड थांबली तर ठीक. चालूच राहिली तर आतली इजा वाढते आहे असे मानतात.