इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि ऑक्टोपॅड : जोडणी, वापर आणि सुरक्षितता

देपालपुरातल्या आपल्या मराठी घरांत पेटी, तबला, टाळ आणि ढोलकी पूर्वीपासून आहेत. त्यांच्या शेजारी आता इलेक्ट्रॉनिक ड्रमही दिसू लागला आहे. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाआधी महिनाभर मंडळाकडे पालक हेच विचारतात : कोणता घ्यावा, कसा जोडावा, मुलाच्या कानांना त्रास तर होणार नाही, शेजारी काय म्हणतील? या प्रश्नांची उत्तरे आम्ही येथे एकत्र देत आहोत. छापून ड्रमजवळ ठेवली तरी चालतील.

तालवाद्याची आवड आपल्याकडे नवी नाही. नाना पानसे यांची पखवाजाची परंपरा इंदूरच्या होळकर दरबारात बहरली आणि आजही पखवाजिये पानसे घराण्याचे नाव आदराने घेतात. त्या मानाने विजेवरचा ताल कालचाच. रोलँड कंपनीचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ साली आला. आठ रबरी चौकोन, दोन ओळींत चार-चार, एका पेटीत बसवलेले. लग्नाचा ऑर्केस्ट्रा असो की गणपतीतला गाण्यांचा कार्यक्रम, आपल्याकडे तो इतका रुजला की कोणत्याही कंपनीच्या तशा पॅडला आपण ऑक्टोपॅडच म्हणतो. १९९७ मध्ये त्याच कंपनीने जाळीच्या कातड्याचे ड्रम आणले. आज घरोघरी दिसणारे संच साधारण त्याच घडणीचे आहेत.

काय घ्यावे

मंडळाच्या कार्यक्रमांत साथ करण्यापुरते हवे असेल तर आमचे मत स्पष्ट आहे : ऑक्टोपॅड आणि एक चांगला स्टँड घ्या. तो पिशवीत मावतो, इंदूरच्या बसमध्ये मांडीवर घेऊन नेता येतो आणि पाच मिनिटांत लागतो. मुलाला खरोखर ड्रम शिकायचा असेल तर मात्र पूर्ण संच हवा, कारण ड्रममध्ये अर्धे काम पायांचे असते आणि नुसत्या ऑक्टोपॅडवर पाय शिकत नाहीत.

लावणी, भजन, भारूड यांसाठी मॉड्यूलमध्ये ढोलकीचे आवाज असतात, पण ढोलकीच्या धुमावर हाताच्या टाचेने दाबून काढलेला घुमारा पॅडवर निघत नाही. पॅड प्रत्येक वेळी तोच साठवलेला आवाज देतो. म्हणून ढोलकी वाजवणारा मंडळात आहे तोवर ढोलकी खरीच ठेवावी आणि पॅडकडून टाळ्या, घुंगरू, चंडा, झांजा अशी भर घ्यावी. दोन्ही एकत्र फार छान वाजतात.

जुना संच घेत असाल तर घरी आणण्याआधी प्रत्येक पॅड हळू आणि जोरात, मध्ये आणि कडेला वाजवून पाहा. हाय-हॅटचे पेडल अर्धवट दाबून आवाज बदलतो का ते बघा. मूळ अडॅप्टर सोबत आहे ना, हे सर्वांत आधी विचारा.

जोडणी

भिंतीपासून दोन हात जागा सोडून, जाड सतरंजीवर किंवा रबरी मॅटवर संच मांडावा. गुळगुळीत फरशीवर किकचे पॅड प्रत्येक ठोक्याला पुढे सरकते आणि वाजवणारा नकळत त्याच्यामागे सरकत जातो. तासाभराने कंबर दुखते, ती यामुळेच.

आधी नळ्यांचा सांगाडा उभा करून सगळे क्लॅम्प सैलसर लावावेत. मग स्टूल ठेवून, मुलाला बसवून, त्याच्या मापाने उंची ठरवावी आणि शेवटी चावीने घट्ट करावे. अनेक घरांत उलटे होते. संच बांधून तयार होतो आणि दहा वर्षांचे मूल त्याच्यापुढे खांदे उचलून बसते. नितंब गुडघ्यांपेक्षा किंचित उंच, पावले पेडलवर सपाट, स्नेअरचे पॅड मांडीच्या थोडे वर आणि कोपरे अंगाजवळ सैल, ही बैठक जमली की मनगटाचे दुखणे बहुतेक टळते. क्लॅम्प पिळून टाकू नयेत. त्यातले प्लास्टिक तडकते आणि तेवढाच भाग वेगळा मिळवायला महिना जातो.

आता वायरी. काही संचांत एकाच जाड प्लगमधून सगळ्या वायरी फुटतात आणि प्रत्येकीवर नाव असते. काहींत प्रत्येक पॅडला वेगळी वायर, साउंडवाले ज्याला पी-३८ म्हणतात त्या पिनची. वायर नळीला बांधताना पिनेजवळ बोटभर सैल वळण ठेवा. ताणलेली वायर आधी पिनेपाशी तुटते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

मॉड्यूलचा अडॅप्टर बदलण्याचा मोह होतो, कारण घरात तशीच गोल पिन असलेले चार अडॅप्टर पडलेले असतात. पिन बसली म्हणजे जुळली असे नाही. व्होल्टेज तेच हवे, अँपिअर तितके किंवा जास्त हवेत, आणि गोल पिनेच्या आत अधिक की उणे हे दाखवणारे छोटे चिन्ह अडॅप्टरवर आणि मॉड्यूलवर सारखे हवे. की-बोर्डचा किंवा वायफायचा अडॅप्टर उलट्या ध्रुवाचा निघाला तर मॉड्यूल एका क्षणात जाऊ शकते.

सुरू करताना : सगळे आवाज शून्यावर, हाय-हॅटच्या पेडलवरून पाय काढलेला, आधी मॉड्यूल, मग स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर, मग मॉड्यूल. उलट केले तर मॉड्यूल चालू-बंद होतानाचा धक्का थेट स्पीकरमध्ये जातो. पेडलवर पाय ठेवून संच सुरू केला तर काही मॉड्यूल त्यालाच मोकळी स्थिती समजतात आणि मग हाय-हॅट दिवसभर विचित्र वाजते.

स्पीकरला एकच वायर जोडायची असेल तर डाव्या बाजूच्या, मोनो लिहिलेल्या छिद्रात जोडावी. उजव्या छिद्रात जोडली तर काही टॉम आणि झांजा जवळजवळ नाहीशा होतात. घरातल्या टीव्हीच्या होम थिएटरला ड्रम जोडू नये. किकच्या अचानक ठोक्यासाठी ते बनवलेले नसते. की-बोर्डचा अँप्लिफायर किंवा पॉवर्ड स्पीकर योग्य.

फोनवर किंवा लॅपटॉपवर सराव करायचा तर यूएसबीची वायर वापरा. ब्लूटूथच्या हेडफोनवर ठोका आणि आवाज यांत इतका उशीर पडतो की चांगला वाजवणाराही लयीतून सुटतो. मुलाची लय कच्ची आहे असे ठरवण्याआधी हेडफोन वायरचा आहे का ते पाहा.

आवाज नीट येत नसेल तर

एका ठोक्याला दोन आवाज येत असतील तर आधी क्लॅम्प आणि कातड्याचा ताण तपासा. जाळी सैल असली की काठी उसळून पुन्हा लागते. जाळी ताणताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा द्यावा. एक पॅड वाजवल्यावर दुसराही बोलत असेल तर कंप नळीतून पोचतो आहे. दोन पॅडमधले अंतर वाढवा, तरी थांबले नाही तर मॉड्यूलमधले क्रॉसटॉक एक-एक पायरीने वाढवा. हळू ठोका ऐकूच येत नसेल तर थ्रेशोल्ड कमी करा. एका वेळी एकच आकडा बदला आणि मूळ आकडा वहीत लिहून ठेवा. सगळेच बिघडले तर कारखान्यातली मूळ मांडणी परत आणण्याची सोय जवळपास प्रत्येक मॉड्यूलमध्ये असते.

कान

इलेक्ट्रॉनिक ड्रम म्हणजे शांत ड्रम, या समजुतीने घेतलेल्या संचांनी कानांवर जास्त अन्याय होतो. घरात शांतता असते आणि हेडफोनच्या आत मुलगा किती आवाजात ऐकतो आहे हे कोणालाच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी ७५ डेसिबल. दर तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला मोठ्या माणसाचेही आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात, आणि त्यात मोबाइलवरची गाणी, लग्नातला डीजे सगळे धरायचे.

घरात डेसिबल मोजणे जमत नाही. त्यासाठी सोपा उपाय असा : आई किंवा वडिलांनी स्वतः हेडफोन लावून, मुलाला जोरात वाजवायला सांगून, आवाज सोसवेल त्याच्याही खाली ठेवावा आणि आवाजाच्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. त्या ठिपक्यापुढे जायचे नाही. बाहेरच्या गोंगाटात आवाज वाढवावासा वाटतो, म्हणून कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यावा. तीस-चाळीस मिनिटांनी दहा मिनिटे उतरवावा. सराव झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा बोलणे दबके ऐकू येत असेल तर त्या दिवशी पुन्हा वाजवू नये, आणि दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. कानाच्या आतल्या ज्या पेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

शेजारी

रबराच्या पॅडवरची टकटक दुसऱ्या खोलीत जाते, पण खरी तक्रार किकच्या पेडलची असते. तो ठोका हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त जातो. जुन्या माडीच्या घरात, लाकडी तुळयांवरच्या माळवदावर, खाली बसलेल्या आजोबांना तो छातीत ऐकू येतो. जमत असेल तर संच तळमजल्यावर ठेवा. नाहीतर प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून चौथरा करा. खालच्या फळीत चेंडू अडकतील एवढी भोके पाडायची आणि वरची फळी त्यांवर टेकवायची. चेंडू दबतात आणि कंप खाली पोचायच्या आत बराचसा विरतो. सुतार अर्ध्या दिवसात करून देतो. नुसत्या गाद्या घालून हा फरक पडत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एमपी बोर्डाच्या परीक्षा असतात. त्या दिवसांत सरावाची वेळ शेजारच्या मुलांना विचारून ठरवलेली बरी.

स्पीकरवर वाजवताना कायदाही लागू होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनुसार वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. लाउडस्पीकरला प्रशासनाची लेखी परवानगी लागते. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. मध्य प्रदेशचा १९८५ चा कोलाहल नियंत्रण कायदा याशिवाय आहेच. मांडवाचा अर्ज करताना ड्रम आणि स्पीकरचा उल्लेख त्यातच करावा.

मांडवातली वीज

या भागावर आम्ही जास्त भर देतो, कारण भाद्रपदातला पाऊस, ओली माती, लोखंडी पाइप आणि अनवाणी मुले हे सगळे एकाच जागी येते. ड्रमचे मॉड्यूल कमी व्होल्टेजवर चालते, त्याचा स्वतःचा धोका थोडा. धोका येतो तो २३० व्होल्टच्या बोर्डाकडून आणि अँप्लिफायरकडून. अर्थिंग नसलेल्या अँप्लिफायरमधली गळती वायरीच्या जाळीतून मॉड्यूलपर्यंत आणि धातूच्या सांगाड्यापर्यंत येऊ शकते. वाजवणाऱ्याचे हात ड्रमवर आणि ओठ माइकला, माइक दुसऱ्याच लाइनवर, अशा वेळी झटका बसतो.

म्हणून मिक्सर, माइक आणि ड्रमचा अँप्लिफायर एकाच बोर्डावरून चालवावा. त्या बोर्डाला अर्थिंग आहे हे इलेक्ट्रिशियनकडून टेस्ट लॅम्पने तपासून घ्यावे आणि पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. असा बोर्ड एकदा बनवला की मंडळाला वर्षानुवर्षे पुरतो. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण कार्यक्रमाआधी दाबून पाहावे, तो पडला पाहिजे. स्पीकरमधून गुणगुण येते म्हणून काही जण तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन काढून टाकतात. गुणगुण जाते, आणि अर्थिंगही जाते. गुणगुण घालवायची असेल तर साउंडवाल्याकडून डीआय बॉक्स मागवा.

उघड्या तारा सॉकेटमध्ये माचिसच्या काडीने खोचणे आपल्याकडे इतके सर्रास आहे की कोणी हटकत नाही. मंडळाच्या मांडवात ते होऊ देऊ नका. बोर्ड जमिनीवर न ठेवता लाकडी स्टुलावर, वरून ताडपत्री आलेली, आणि वायरी पाइपला न गुंडाळता बाजूने न्याव्यात. येण्याजाण्याच्या वाटेवरची वायर टेपने चिकटवावी किंवा वरून न्यावी. जनरेटर आधी सुरू करून स्थिर होऊ द्यावा आणि मगच मॉड्यूल जोडावे. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अडॅप्टर गुरगुरतो आणि तापतो, साइन वेव्ह असेल तर हरकत नाही. पाऊस मांडवात शिरला किंवा वीज कडाडू लागली की आधी मेन बंद, मग वायरी काढायच्या. ओल्या हाताने पिन ओढायला मुलांना पाठवू नये.

ठेवण

उन्हाळ्यातल्या मालव्याच्या धुळीपासून जुने सुती लुगडे उत्तम झाकण. प्लास्टिकचा कागद पावसाळ्यात आत दमट ठेवतो. रबर आणि जाळी कोरड्या फडक्याने पुसावी, स्पिरिट किंवा फिनाइल लावू नये. टोक फुटलेली काठी जाळी फाडते, ती लगेच बदलावी. लहान मुलांना ५-ए ऐवजी हलकी ७-ए काठी द्यावी. उंदरांना वायरी आवडतात, म्हणून महिनाभर वापर नसेल तर वायरी काढून डब्यात, सांगाडा तसाच. काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो घ्यावा, पुढच्या वेळी कोणती वायर कुठे हे शोधत बसावे लागत नाही.