यांगमेई : साल नसलेले फळ

चीनच्या झेजियांग प्रांतात जूनच्या पावसात यांगमेई हे फळ पिकते. आकाराने मोठ्या बोराएवढे, रंगाने लाल ते जांभळट काळे. त्याला साल अशी नसतेच. रसाने भरलेल्या असंख्य बारीक कणांचा तो गोळा, आत एकच टणक बी. चव आंबटगोड, किंचित तुरट. (काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे कायफळ म्हणजे त्याच्याच कुळातल्या हिमालयी वृक्षाची साल!)

हेमुदूच्या सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या वस्तीतही यांगमेईच्या खुणा सापडल्या. तरी दरबारी कीर्ती मिळाली ती लिचीला. तांग सम्राट श्वानझोंगच्या लाडक्या यांग ग्वेफेईसाठी घोडेस्वार दुरून लिची आणत, असे परंपरा सांगते. लिचीच्या अंगावर टरफलाचे चिलखत होते. यांगमेई मात्र दोन-तीन दिवसांतच नासे. दूरच्यांना ते मिळे वाळवलेले, नाहीतर मद्यात मुरवलेले.