कोलंबिया नदीची नोंदवही

राज्यकारभार म्हटला की मोजणी आलीच. जमिनीची मोजणी होते, माणसांची शिरगणती होते, गुराढोरांचीही होते. परंतु वाहत्या नदीतून जाणारे मासे एकेक करून मोजावयाचे, आणि तेही वर्षानुवर्षे, ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. अमेरिकेच्या वायव्य भागातील कोलंबिया नदीवर मात्र १९३८ सालापासून हे काम चालू आहे. मोजणीने काय साधते आणि काय साधत नाही, ह्या दोन्ही गोष्टी त्या नोंदवहीचा इतिहास आपल्याला शिकवतो.

कोलंबिया नदी कॅनडातील रॉकी पर्वतात उगम पावते व सुमारे दोन हजार किलोमीटरांचा प्रवास करून पॅसिफिक महासागरास मिळते. सॅमन जातीचा मासा हे ह्या नदीचे वैभव. तो गोड्या पाण्यात जन्मतो, लहानपणीच प्रवाहाबरोबर समुद्रात उतरतो, तेथे काही वर्षे वाढतो, आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्मओढ्याकडे परततो. अंडी घातली की तेथेच त्याचे आयुष्य संपते. म्हणजे ह्या माशाला नदी दोनदा पार करावी लागते. एकदा पिलू म्हणून उतरताना आणि एकदा प्रौढ म्हणून चढताना. पुढील सारी कथा ह्या दुहेरी प्रवासाची आहे.

१८६६ मध्ये ह्या नदीकाठी मासे डबाबंद करण्याचा पहिला कारखाना निघाला. १८८३ साली एकट्या चिनूक सॅमनची पकड सुमारे ४ कोटी ३० लक्ष पौंडांवर गेली. पुढे ती घटू लागली. धरणे येण्यापूर्वीच हावेने नदीला ओरबाडले होते, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्या काळात पकडलेल्या मासळीचे वजन हिशेबात येई; नदीत मासे किती होते, हे कोणीच लिहून ठेवले नाही.

२८ सप्टेंबर १९३७ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते बॉनव्हिल धरणाचा समर्पणविधी झाला. वीज हवी होती, रोजगार हवा होता. पण मच्छीमारांचा आग्रह होता की माशांची वाट बंद होता कामा नये. म्हणून धरणाला पायऱ्यापायऱ्यांचे जलमार्ग, म्हणजेच मत्स्यसोपान, जोडण्यात आले. सॅमन त्यावरून उड्या घेत चढू लागला. ह्या सोपानाच्या अरुंद फटीवर मोजणीदार बसवण्यात आले. पाण्याखाली पांढरी फळी असे. तिच्यावरून मासा गेला की त्याची जात ओळखून नोंद करावयाची. तासातील पन्नास मिनिटे मोजावयाचे, दहा मिनिटे डोळ्यांना विसावा द्यावयाचा, आणि त्यावरून पूर्ण तासाचा हिशेब मांडावयाचा, अशी रीत पडली. कोणत्याही कचेरीला अभिमान वाटावा असे हे काम होते.

परंतु ही वही जेथे माशांना वाट होती तेथलीच होती. त्याच नदीवर वरच्या अंगाला १९४१ मध्ये ग्रँड कूली धरणातून वीज वाहू लागली. सुमारे १६८ मीटर उंचीच्या त्या भिंतीला सोपान जोडलाच नाही. केटल धबधब्यापाशी पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणाऱ्या आदिवासी जमाती जून १९४० मध्ये तेथे एकत्र आल्या आणि त्यांनी बुडणाऱ्या धबधब्यासाठी शोकविधी केला. त्या ठिकाणी मोजण्यासारखे काही उरले नाही, म्हणून मोजणीदारही बसला नाही. १० मार्च १९५७ रोजी डॅलस धरणाचे दरवाजे मिटले आणि हजारो वर्षांचे मासेमारीचे ठिकाण असलेला सेलिलो धबधबा काही तासांत पाण्याखाली गेला. असा तोटा कोणत्या रकान्यात लिहावयाचा?

दुसरी उणीव हळूहळू उमगली. मोजणीदार वर चढणारे मासे पाहत होता. खाली उतरणारी पिले त्याला दिसत नव्हती. ती वीज निर्माण करणाऱ्या चक्रांतून जात व काही मरत. संथ जलाशयांत त्यांचा प्रवाह हरवे आणि समुद्र गाठण्यास विलंब होई. धरणावरून कोसळणाऱ्या पाण्यात हवेतील नायट्रोजन अधिक विरघळतो व त्याने माशांच्या अंगात बुडबुडे धरतात, हे १९६०च्या दशकात लक्षात आले. एका धरणापाशी होणारी हानी थोडी वाटे. परंतु १९६१ ते १९७५ ह्या काळात स्नेक ह्या उपनदीवरही चार धरणे झाली, आणि वरच्या पिलांच्या वाटेत आठ भिंती उभ्या राहिल्या. वाटेतल्या ह्या मृत्यूचा हिशेब कोणत्याही सोपानावर होत नव्हता.

तरीही ही वही व्यर्थ गेली नाही. १८५५च्या करारांनी जमातींना मासेमारीचा हक्क दिला होता. त्यांना माशांचा न्याय्य वाटा मिळाला पाहिजे, असा निर्णय न्यायाधीश बेलोनी यांनी १९६९ मध्ये दिला. वाटा ठरवावयाचा तर आकडा लागतो. अभियंत्यांच्या सोयीसाठी सुरू झालेली मोजणी अशा रीतीने ज्यांचे धबधबे बुडाले होते त्यांच्या उपयोगी आली. १९९१ मध्ये स्नेक नदीचा सॉकाय सॅमन विनाशाच्या उंबरठ्यावरील जाती म्हणून जाहीर झाला. १९९२ साली आयडाहोतील रेडफिश सरोवरापर्यंत ह्या जातीचा एकच नर पोहोचला. मोजणी नसती तर ही वार्ता जगाला कळलीही नसती. १९८७ पासून तांदळाच्या दाण्याएवढी खूण पिलांच्या अंगात घालण्यात येऊ लागली, आणि कोणते पिलू कोणत्या धरणापाशी पोहोचले हे समजू लागले. उतरणीची मोजणी अशी जवळजवळ अर्धशतक उशिरा रुळली.

पण एक गोष्ट कधीच भरून निघाली नाही. १९८०च्या कायद्याने नेमलेल्या मंडळाने मूळच्या माशांचा अंदाज बांधला, तो असा : दरवर्षी १ कोटी ते १ कोटी ६० लक्ष. दोन आकड्यांमधील हे साठ लक्षांचे अंतर म्हणजे धरणापूर्वी न ठेवलेल्या वहीची किंमत होय.

आपल्याकडेही हा प्रश्न जुना आहे. फ्रान्सिस डे यांनी १८७३ मध्ये हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवर अहवाल लिहिला, तेव्हाच दक्षिणेतील बंधारे माशांची वाट अडवतात हा विषय चर्चेत होता. बंगालचा इलिश, ज्याला कोकणात पाला म्हणतात, तोही समुद्रातून नदीत चढणारा मासा. १९३४च्या मेत्तूर धरणाने कावेरीत त्याची वरची वाट मिटवली. गंगेवरील फराक्का बंधारा १९७५ मध्ये कार्यान्वित झाला. तो विजेसाठी नव्हता, तर कोलकाता बंदराकडे पाणी वळवण्यासाठी होता. पण माशाला कारणाशी काय कर्तव्य? अलाहाबादपर्यंत येणारा इलिश तेथून जवळजवळ नाहीसा झाला. हे आपण ठामपणे सांगू शकतो, कारण बराकपूरच्या संशोधन संस्थेने अलाहाबादच्या मासळीची नोंद बंधाऱ्याच्या आधीपासूनच ठेवली होती. कोलंबियाला जे साधले नाही, ते आपल्याकडे एका जागी तरी साधले.

वीज समाजाला हवीच आहे आणि धरणे ह्यापुढेही बांधली जातील. परंतु पाया खणण्याच्या कितीतरी वर्षे आधी नदीकाठी एक मोजणीदार बसला पाहिजे, आणि त्याने चढणारा मासा पाहावा तसेच उतरणारे पिलूही पाहावे. भिंत उभी राहिल्यावर उघडलेली वही कितीही काटेकोर असली, तरी तिचे पहिले पान कोरेच राहते.