सैन्याचा उडता टेहळ्या

श्रोतेहो, डोंगरापलीकडे शत्रु काय करीत आहे, हा सेनापतीचा प्रश्न युद्धाइतकाच जुना आहे. गडाच्या बुरुजावरून, दोरानें बांधलेल्या फुग्यांतून आणि पुढें विमानांतून माणसानें त्याचें उत्तर शोधलें. परंतु विमानास एके ठिकाणीं थांबतां येत नाहीं. थांबलें कीं तें पडावयाचें. अधांतरीं स्थिर राहून खालीं न्याहाळण्याची सोय हेलिकॉप्टरनें करून दिली.

रशिया सोडून अमेरिकेस गेलेले अभियंते इगोर सिकोर्स्की यांच्या 'आर-४' यंत्रानें जानेवारी १९४२ मध्यें पहिलें उड्डाण केलें. त्याच्या इतिहासांत आपल्या देशाचाहि संबंध येतो. एप्रिल १९४४ मध्यें आसामांतील लालाघाट येथून निघालेले लेफ्टनंट कार्टर हारमन यांनीं ब्रह्मदेशांत शत्रूच्या मुलुखांत अडकलेला एक वैमानिक व तीन जखमी ब्रिटिश सैनिक ह्या यंत्रांतून सोडवून आणले. हवा उष्ण आणि एंजिन दुर्बळ; म्हणून एका खेपेस एकच माणूस! कोरियाच्या युद्धांत (१९५०–५३) कांचेच्या बुडबुड्यासारखें तोंड असलेलें 'बेल' हेलिकॉप्टर टेहळणीपेक्षां जखमी वाहून नेण्यांतच अधिक गाजलें.

जड पिस्टन-एंजिनाची अडचण टर्बाइननें दूर केली. दीडशे पौंडांहून कमी वजनाचें आणि सुमारें २५० अश्वशक्तीचें एंजिन मिळूं लागतांच अमेरिकन भूसेनेनें १९६० मध्यें हलक्या टेहळणी हेलिकॉप्टरसाठीं कारखानदारांत स्पर्धा लाविली. अंड्याच्या आकाराचें 'ह्यूज' हेलिकॉप्टर १९६५ मध्यें जिंकलें. कसें? एंजिन सोडून सुमारें वीस हजार डॉलर, अशी उत्पादनखर्चासहि न पुरणारी किंमत सांगून! पुढील मागणीच्या वेळीं कंपनीनें ती जवळजवळ तिप्पट केली, आणि १९६८ मध्यें काम 'बेल'च्या 'कायोवा'कडे गेलें. आमच्याकडचे कंत्राटदार हा डाव चांगलाच ओळखतात.

यंत्र मात्र अस्सल होतें. व्हिएतनाममध्यें त्यानें झाडांच्या शेंड्यांस लागून उडावें, शत्रूनें त्यावर गोळी झाडावी आणि त्या गोळीवरून वरच्या शस्त्रसज्ज हेलिकॉप्टरनें शत्रूची जागा हेरावी, अशी रीत होती. हिला टेहळणी म्हणावें कीं आमिष, हें श्रोत्यांनींच ठरवावें. बांधलेल्या सुमारें चौदाशे यंत्रांपैकीं आठशेंहून अधिक तेथें नष्ट झालीं. अमेरिकन भूसेनेनें टेहळणीचें शेवटचें 'कायोवा' २०१७ मध्यें निवृत्त केलें. त्याचें पुष्कळसें काम आतां चालकरहित यंत्रें करतात. म्हणूनच, माणूस स्वतः जवळ गेला असतां त्यास काय दिसतें, ह्याची एक हकीकत येथें सांगणें अवश्य आहे.

ता. १६ मार्च १९६८. चोवीस वर्षांचे ह्यू थॉम्सन हे जुन्या 'हिलर' हेलिकॉप्टरमधून माय लाय ह्या खेड्यावर अगदीं खालून फिरत होते. शत्रूचा ठाव घेऊन स्वपक्षास सांगावयाचा, एवढीच त्यांची कामगिरी. शत्रु कोठें दिसेना. दिसलीं तीं पाण्याच्या चरांत पडलेलीं बायकामुलांचीं व म्हाताऱ्यांचीं प्रेतें. आणि मारणारे होते अमेरिकन सैनिकच. थॉम्सन यांनीं आपलें यंत्र सैनिक आणि लपलेले गांवकरी यांच्या मधोमध उतरविलें. ह्या लोकांवर आपल्या सैनिकांनीं गोळी झाडल्यास सैनिकांवर बंदूक चालवा, अशी आज्ञा त्यांनीं आपले साथीदार लॉरेन्स कोलबर्न व ग्लेन अँड्रिओटा यांस दिली. चिमुकल्या हेलिकॉप्टरमध्यें गांवकऱ्यांस जागा कोठली? तेव्हां वर फिरणारीं मोठीं हेलिकॉप्टरें खालीं बोलावून त्यांनीं त्या लोकांस हलविलें. नंतर अँड्रिओटा यांनीं चरांतील प्रेतांच्या राशींतून एक जिवंत मूल बाहेर काढलें, आणि त्यास इस्पितळांत पोंचविण्यांत आलें. परतल्यावर थॉम्सन यांनीं वरिष्ठांस सर्व प्रकार सांगितला, आणि गोळीबार थांबविण्याचा हुकूम सुटला. तोंवर शेंकडों माणसें मारलीं गेलीं होतीं. व्हिएतनामच्या गणनेप्रमाणें ५०४.

ह्या तिघांस अमेरिकन सरकारनें शौर्यपदक दिलें तें १९९८ मध्यें. अँड्रिओटा तें पाहावयास हयात नव्हते. त्या दिवसानंतर तीनच आठवड्यांनीं ते लढाईंत मारले गेले होते.