बॅनरवरचा निळा जांभळा का होतो, लोगोमागे काळा चौकोन कुठून येतो? एक्सपोर्टमधल्या रंगाच्या तक्रारी आणि उपाय

अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, दहीहंडीपासून नवरात्रीपर्यंत नाक्यानाक्यावर जे बॅनर लागतात, त्यातले बरेचसे आता मोबाइलवरच तयार होतात. मंडळातलं कुणीतरी पिक्सललॅब किंवा कॅनव्हामध्ये डिझाइन करतं, व्हॉट्सॲपवर फ्लेक्सवाल्याला पाठवतं आणि सकाळी बॅनर बांधला जातो. मी मुलुंडला राहतो आणि सणांच्या दिवसांत असं काम करतो. ओळखीच्या मुलांकडून दोन प्रश्न मला सारखे येतात: ‘दादा, लोगोमागे चौकोन का आला?’ आणि ‘स्क्रीनवर मस्त दिसत होतं, छापल्यावर रंग का बदलला?’

प्रश्न छोटे वाटतात, पण फ्लेक्सचे पैसे चौरस फुटांवर मोजले जातात आणि छापलेला बॅनर दुकानदार परत घेत नाही. वर्गणीच्या पैशातून छापलेलं असतं, त्यामुळे सगळ्यांचं बोट डिझाइन करणाऱ्याकडे जातं. म्हणून आज आपण या तक्रारी एकेक करून पाहू.

एक गोष्ट आधीच सांगतो. फाइल आपोआप बिघडत नाही. ॲपमधून गॅलरीत, गॅलरीतून व्हॉट्सॲपवर, तिथून दुकानातल्या कॉम्प्युटरवर आणि शेवटी मशीनवर, अशी ती हातोहात जाते. यातल्या एखाद्या टप्प्यावर तिची पारदर्शकता तरी गळते किंवा रंगाची ओळख तरी. ती नेमकी कुठे गळली हे कळलं की अर्धं काम झालं.

पिक्सेलमध्ये नेमकं काय असतं?

स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक आकडा ० ते २५५. यालाच आरजीबी म्हणतात. या तीन आकड्यांतून १,६७,७७,२१६ रंग तयार होतात. पारदर्शक चित्रात प्रत्येक ठिपक्याला चौथा आकडा असतो, त्याला अल्फा म्हणतात. अल्फा ० म्हणजे ठिपका पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण भरीव, मधले आकडे म्हणजे अर्धवट पारदर्शक. अल्फाची कल्पना १९७० च्या दशकाच्या शेवटी एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मांडली. हेच दोघे पुढे पिक्सारच्या संस्थापकांत होते.

आता महत्त्वाचं: हा चौथा आकडा ठेवायची सोय प्रत्येक फॉरमॅटमध्ये नसते.

जेपीजी: १९९२ चं स्टँडर्ड, फोटोंसाठी बनवलेलं. अल्फाला जागाच नाही.
जिफ: १९८७ चं. फक्त २५६ रंग, आणि ठिपका एकतर पूर्ण दिसतो किंवा अजिबात नाही. मऊ सावली जमत नाही.
पीएनजी: १९९६ चं. अल्फा पूर्णपणे सांभाळतं.
वेबपी: अल्फा सांभाळतं. व्हॉट्सॲपचे स्टिकर याच फॉरमॅटमध्ये, ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे असतात.

तक्रार १: लोगोमागे पांढरा किंवा काळा चौकोन

पीएनजीचं कुठेतरी जेपीजी झालं, हे याचं सरळ कारण. बऱ्याच वेळा पारदर्शक ठिपक्यांचे रंगाचे तीन आकडे शून्य असतात, म्हणजे काळा रंग. अल्फा असेपर्यंत तो दिसत नाही. अल्फा फेकून दिला की मागचा काळा उघडा पडतो. काही ॲप जेपीजी बनवताना आधी पांढरा रंग ओततात, म्हणून तिथे पांढरा चौकोन येतो.

पीएनजीचं जेपीजी सहसा या तीन ठिकाणी होतं:
– व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवताना. एचडी निवडलं तरी पारदर्शकता जातेच.
– सेव्ह करताना फॉरमॅट न पाहिल्यामुळे. कॅनव्हामध्ये पारदर्शक बॅकग्राउंडचा पर्याय पैसे भरलेल्या प्लॅनमध्येच मिळतो. पिक्सललॅबमध्ये बॅकग्राउंड ट्रान्स्परंट ठेवून पीएनजी सेव्ह करता येतं.
– स्क्रीनशॉट काढल्यावर. स्क्रीनशॉटमध्ये पारदर्शकता कधीच येत नाही.

उपाय: लोगो नेहमी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि समोरच्यालाही तसाच पाठवायला सांगा. जेपीजी झालेल्या फाइलचं नाव बदलून शेवटी पीएनजी लिहिलं तरी गेलेला अल्फा परत येत नाही. मूळ फाइलच मागवा.

तक्रार २: राखाडी-पांढरे बारीक चौकोन छापून आले

इंटरनेटवर ‘पीएनजी’ म्हणून शोधलेल्या अनेक चित्रांत बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन चित्राचाच भाग असतात. खऱ्या पारदर्शक फाइलमध्ये हे चौकोन फक्त एडिटर दाखवतो, ते फाइलमध्ये नसतात. ओळखायची सोपी युक्ती अशी: चित्र ॲपमध्ये घेऊन मागे भडक लाल रंग टाका. लाल दिसला तर फाइल खरी. चौकोन तसेच राहिले तर चित्र वापरू नका.

तक्रार ३: कटआउटच्या कडेला पांढरी रेघ

देवीच्या मूर्तीचा किंवा माणसाचा फोटो कापून गडद बॅकग्राउंडवर ठेवला की केसांभोवती, मुकुटाभोवती पांढरट कड दिसते. कडेचे ठिपके अर्धवट पारदर्शक असतात आणि त्यांच्यात जुन्या बॅकग्राउंडचा रंग मिसळलेला असतो. पांढऱ्या भिंतीसमोर काढलेला फोटो असेल, तर ती भिंत ठिपक्यांबरोबर इकडे येते. फोटोत मागे अंधार असेल, तर हलक्या बॅकग्राउंडवर काळपट कड दिसते.

उपाय: कड एक-दोन पिक्सेल आत घ्या किंवा इरेजर मऊ करून हलकेच फिरवा. मग कटआउट एकदा काळ्यावर आणि एकदा पिवळ्यावर ठेवून बघा. दोन्हीकडे स्वच्छ दिसला तरच पुढे जा. पांढऱ्या एडिटर स्क्रीनवर पांढरी कड दिसणारच नाही, म्हणून ही तपासणी लागते.

तक्रार ४: माझ्या फोनवर भडक, दुसऱ्याच्या फोनवर फिका

आधी स्क्रीन तपासा. अनेक फोन मुद्दामच रंग भडक दाखवतात. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, डिस्प्ले, स्क्रीन मोडमध्ये जाऊन ‘व्हिव्हिड’ऐवजी ‘नॅचरल’ करा. आयफोनमध्ये ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट बंद करा. डोळ्यांना आराम देणारा पिवळसर मोड चालू असेल, तर रंग ठरवूच नका.

दुसरं कारण फाइलमध्ये असतं. २०१६ च्या आयफोन ७ पासून आयफोनचा कॅमेरा डिस्प्ले पी३ या मोठ्या रंगकक्षेत फोटो काढतो. ‘हे आकडे पी३ चे आहेत’ अशी चिठ्ठी, म्हणजे कलर प्रोफाइल, फाइलला जोडलेली असते. एखाद्या ॲपने ती चिठ्ठी काढून टाकली की पुढचं ॲप आकडे एसआरजीबीचे समजतं. आकडे तेच राहतात, पण लाल आणि हिरवा फिके पडतात. एक्सपोर्टमध्ये पर्याय असेल तर एसआरजीबी निवडा. इंटरनेट आणि बहुतेक ॲप हेच गृहीत धरतात.

तक्रार ५: स्क्रीनवर निळा, फ्लेक्सवर जांभळा

आता सगळ्यात जास्त चिडवणारी तक्रार. नवरात्रीत रोजचा एक रंग ठरलेला असतो. लोकलच्या लेडीज डब्यात त्या दिवशी त्याच रंगाच्या साड्या आणि ड्रेस दिसतात, आणि मंडळं नऊ रंगांचा बॅनर लावतात. २०२४ च्या यादीत रॉयल ब्ल्यू आणि जांभळा हे दोन्ही रंग होते. अशा बॅनरवर निळा जांभळा छापला गेला, तर रंग नुसता बिघडत नाही, बॅनर चुकीचा दिवस सांगतो!

असं का होतं? स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, मशीन शाईने. शाया चार: सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी, म्हणजे सीएमवायके. निळी शाई मुळात नसतेच, ती सायन आणि मॅजेंटा मिसळून करावी लागते. मॅजेंटा सायनच्या बरोबरीने पडली की रंग जांभळ्याकडे झुकतो. स्क्रीनवरचा शुद्ध निळा, म्हणजे ०, ०, २५५, चार शायांत बसतच नाही. ०, २५५, ० हा पोपटी-निऑन हिरवाही तसाच, तो छापल्यावर मंद होतो. निऑन गुलाबीचंही तेच.

उपाय: निळ्यात थोडा हिरवा वाढवा आणि निळा आकडा उतरवा. ०, ७०, १७० च्या आसपासून सुरुवात करून पाहा. स्क्रीनवर तो थोडा दबका वाटेल, पण छापल्यावर निळाच राहण्याची शक्यता खूप जास्त. दुकानातला माणूस सीएमवायकेचे आकडे विचारत असेल, तर मॅजेंटा सायनपेक्षा किमान ३० टक्क्यांनी कमी ठेवायला सांगा. मोरपंखी आणि हिरवा शेजारी-शेजारी येत असतील, तर दोघांत मुद्दाम जास्त फरक ठेवा, कारण छापताना तो कमी होतो.

आणि एक: दुकानात फ्लेक्सच्या कडेला बरंच कापड वाया जातं. तिथे तुमच्या नऊ रंगांची एक छोटी पट्टी छापून मागा. ओळखीचा फ्लेक्सवाला सहसा नाही म्हणत नाही. त्याच मशीनवर, त्याच शाईत रंग डोळ्यांनी दिसतो, मग अंदाज करत बसावं लागत नाही.

तक्रार ६: दुकानातून आलेली फाइल फोनवर विचित्र रंगात दिसते

दुकानदाराने सीएमवायकेमध्ये सेव्ह केलेलं जेपीजी काही ॲपमध्ये उलट्या किंवा चकचकीत रंगात उघडतं. फाइल खराब नसते, ॲपला ती वाचता येत नाही. इन्स्टाग्रामसाठी आरजीबीमधली वेगळी कॉपी मागा. छपाईची कॉपी आणि पोस्टची कॉपी नेहमी वेगळी ठेवा.

तक्रार ७: अक्षरांच्या सावलीभोवती चौकोन

पीडीएफमध्ये पारदर्शकता २००१ च्या १.४ आवृत्तीपासून आहे, पण छपाईच्या काही सिस्टम ती नीट सांभाळत नाहीत. मग मऊ सावलीच्या जागी डबा उमटतो. इथे एक साधी गोष्ट लक्षात ठेवा: पारदर्शकता ही कच्च्या मालाची गरज आहे, तयार बॅनरची नाही. लोगो आणि कटआउट पारदर्शक हवेत. सगळं जुळवून झालं की पूर्ण बॅनर एकसंध पीएनजी किंवा सर्वात वरच्या क्वालिटीचं जेपीजी करून पाठवा. सावली तुमच्या फोनवरच पक्की होते.

पाठवण्याआधी पाच मिनिटांची तपासणी

१. लोगो आणि कटआउट लाल, काळ्या आणि पिवळ्या रंगावर ठेवून पाहिले का?
२. ब्राइटनेस पूर्ण वाढवून गडद भाग पाहिला का? लोगोचा काळा आणि बॅकग्राउंडचा काळा वेगळे असतील, तर कमी ब्राइटनेसवर कळत नाही, फ्लेक्सवर मात्र दिसतं.
३. भडक निळा, निऑन हिरवा, निऑन गुलाबी उतरवले का?
४. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली का? पाठवलेली फाइल दुसऱ्या फोनवर डाउनलोड करून उघडून पाहा. दुकानदाराला जे मिळणार ते तुम्हाला तिथेच दिसेल.
५. मूळ प्रोजेक्ट सेव्ह आहे का? रात्री दुकानातून फोन आला तर दुरुस्ती त्यातच करता येईल.

आणि यातलं काहीही करून चौकोन किंवा रंग सुधारत नसेल, तर उलट्या दिशेने चाला. दुकानातली फाइल, व्हॉट्सॲपवरची फाइल, गॅलरीतली फाइल, ॲपमधला प्रोजेक्ट, या क्रमाने एकेक उघडा. ज्या टप्प्यावर चित्र बरोबर दिसतं, त्याच्या लगेच पुढच्या टप्प्यावर गडबड आहे. तेवढा एक टप्पा बदला, बाकीच्या कशालाही हात लावू नका.

तुमच्या मंडळात बॅनर करणारं जे कोणी असेल, त्याला किंवा तिला हा लेख नक्की पाठवा. छापायला टाकण्याआधी पाठवा म्हणजे झालं!